स्टंट स्कूटर घ्यायची? आधी तिची मान बघा

माझा भाचा १० वर्षांचा आहे, नागपूरच्या मनीष नगरला राहतो, आणि मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं रायन विल्यम्सचे व्हिडिओ बघितले. हा ऑस्ट्रेलियाचा गडी, नायट्रो सर्कस या स्टंटच्या शोवाला, स्कूटर आणि बीएमएक्स दोन्हीवर हवेत असे काही पलट्या मारतो की मोठ्या माणसाचाही श्वास अडकतो. झालं, पोट्ट्याला स्कूटर पाहिजे. आम्ही घरच्यांनी जी समोर दिसली ती ऑनलाइन मागवून दिली, घडी होणारी, चकचकीत, दांडा वरखाली करता येणारी. तिसऱ्या आठवड्यात तो बिल्डिंगसमोरच्या फुटपाथवरून उडी मारायला लागला आणि एका संध्याकाळी ती स्कूटर हातात उचलून घेऊन आला, "मामा, हे काहून वाजून राहिलं?"

मी दांडा धरून हलवला तर खालच्या घडीच्या जागी खटखट, पुढचं चाक एकीकडे आणि दांडा दुसरीकडे. काही तुटलं नव्हतं अजून, पण पुढच्या चारपाच उड्यांत तुटलं असतं आणि त्या वेळी पोरगा हवेत असता. त्या दिवसापासून मी या विषयात शिरलो, मिळेल ते वाचलं, दोन स्कूटर स्वतः उघडून पुन्हा जोडल्या, आणि आता कॉलनीतले तीनचार आईबाप मला विचारून राहिले की कोणती घेऊ, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की आपल्याकडं स्कूटर या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक घडीची, शाळेत-बागेत जायची. स्विस माणूस विम ऑबोटर यानं ९० च्या दशकात ही छोट्या चाकांची अ‍ॅल्युमिनियमची घडीची स्कूटर आणली आणि २००० च्या आसपास रेझर कंपनीमुळं ती जगभर पोरांच्या हातात गेली. मग पोरांनी तेच केलं जे पोरं करतात, तीच घेऊन स्केटपार्कात उड्या मारायला लागली आणि घडीची बिजागरी, उंची बदलायचा दांडा, हे सगळं तुटायला लागलं. त्यातून दुसरी वस्तू जन्माला आली, ट्रिक किंवा स्टंट स्कूटर. हिला घडी नाही, उंची कमीजास्त होत नाही, डेकला, म्हणजे उभं राहायच्या फळीला, मान वेल्डिंगनं जोडलेली, दांडा एकसंध टी किंवा वाय आकाराचा. जे हलू शकतं ते सगळं काढून टाकलंय, कारण जे हलतं तेच पहिलं ढिलं होतं. दुकानात "स्टंटवाली" म्हणून घडीचीच दाखवली तर सरळ नाही म्हणा, तिच्यावर कितीही आगीच्या ज्वाळा छापलेल्या असू द्या.

आता "कम्प्लीट" म्हणजे काय, तर कंपनीनं पूर्ण जोडून दिलेली स्कूटर. दुसरा मार्ग कस्टमचा, म्हणजे डेक वेगळा, बार म्हणजे हँडलचा दांडा वेगळा, चाकं वेगळी घेऊन स्वतः जोडायची. सुटे भाग घेत बसलं की एकूण खर्च कम्प्लीटपेक्षा बराच वर जातो, कारण कंपनी तेच भाग घाऊक भावात घेऊन लावते, आणि वर कोणता भाग कशात बसतो हे माहीत नसेल तर निम्मे पैसे चुकीच्या वस्तूंत जातात. म्हणून शिकाऊ आणि त्याच्या एक पायरी वरच्या पोरासाठी कम्प्लीटच. पण कम्प्लीट कम्प्लीटमध्ये फरक खूप आहे आणि तो फरक जाहिरातीत लिहिलेला नसतो.

आपले शेतकरी बैल घेताना दात बघतात, तशी स्कूटर घेताना मान बघायची. मान म्हणजे डेकच्या पुढची ती उभी नळी, जिच्यातून फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, वर येतो आणि वर बार बसतो. उडीचा सगळा दणका, पोराचं सगळं वजन आणि हँडल गरगर फिरवायची सगळी मेहनत या एवढ्या वितभर जागेतून जाते. इथं चार गोष्टी एकत्र काम करतात: फोर्क, हेडसेट म्हणजे मानेच्या वर आणि खाली बसणाऱ्या दोन बेअरिंग, कम्प्रेशन, आणि क्लॅम्प. यातलं कम्प्रेशन कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं, म्हणून त्याच्यावर जरा जास्त बोलतो.

आजीच्या घरचं जातं आठवा. वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते. खिळा फार घट्ट बसला तर जातं ओढताना हात भरून येतात, ढिला असला तर तळी डुलते आणि पीठ जाडंभरडं पडतं. मधलं एक बरोब्बर माप असतं जिथं तळी डुलतही नाही आणि अडतही नाही. स्कूटरच्या मानेत अगदी हेच आहे. वरची आणि खालची बेअरिंग एकमेकींकडे बरोब्बर जोरानं दाबून धरायची, एवढंच कम्प्रेशनचं काम. जोर कमी पडला तर खटखट, जास्त झाला तर हँडल जड. आणि क्लॅम्पचं काम वेगळं, तो बारला फोर्कवर आवळून धरतो म्हणजे बार एकटाच फिरून जात नाही. खूप लोक या दोघांत गल्लत करतात, खटखट आली की क्लॅम्प आवळत बसतात आणि शेवटी बोल्टचे आटे खाऊन टाकतात.

हा दाब द्यायच्या पद्धती चारपाच आहेत आणि स्कूटरची खरी पायरी इथंच ओळखू येते. सगळ्यात खालची आट्यांची, थ्रेडेड म्हणतात. फोर्कच्या नळीवरच आटे पाडलेले आणि वरून मोठा नट. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला हीच असायची, सायकलवाला मोठ्या पान्यानं आवळून द्यायचा. सायकलीला चालतं कारण सायकल उड्या मारत नाही, स्कूटरला प्रत्येक आदळण्याबरोबर नट सुटत जातो. जिला आट्यांचा फोर्क आहे ती स्टंटसाठी घेऊ नका, शिकाऊ पोरासाठीसुद्धा नाही.

त्याच्यावर आयएचसी. यात फोर्कची नळी बारीक असते आणि बोल्ट तिच्या आत वरून लपलेला, वजन कमी राहतं, साधा बार बसतो, म्हणून आजकालच्या पुष्कळशा सुरुवातीच्या आणि मधल्या कम्प्लीटमध्ये हीच दिसते. पहिल्या स्कूटरला आयएचसी असेल तर बिनधास्त घ्या, पुरून उरते. मग एचआयसी, इथं फोर्कवर एक पातळ नळकांडं चढवतात ज्याला शिम म्हणतात, आणि त्याच्यावरून जाड बार. अजून मजबूत, थोडी जड. आयसीएसमध्ये बोल्ट खालून, फोर्कच्या बुडातून वर जातो, हलकी आहे पण जरा आवळायची म्हटली तरी पुढचं चाक काढावं लागतं, शिकाऊ पोरासाठी मला ही कटकट वाटते. आणि एससीएस, अमेरिकेतल्या प्रोटो कंपनीपासून आलेली पद्धत, यात मोठा दणकट क्लॅम्पच दाब द्यायचं आणि बार धरायचं अशी दोन्ही कामं करतो. वजनाला जड, पण एकदा बसवली की महिनोन्‌महिने बघावं लागत नाही, आणि बारला खाली चीर पाडलेली लागत नाही. बाकीच्या पद्धतींत बारच्या तळाशी ती उभी चीर लागते, तिच्यामुळंच क्लॅम्प बारला चिमटू शकतो.

हे सगळं सांगायचं कारण असं की पुढं कधी बार बदलायचा झाला तर कुठलाही बार कुठंही बसत नाही. साध्या स्टीलच्या बारची बाहेरची जाडी ३१.८ मिमी, ओव्हरसाइज बारची ३४.९ मिमी. आयएचसीला साधा बार लागतो, एचआयसीला ओव्हरसाइज. आमच्या कॉलनीतल्या एका पोराच्या वडिलांनी वाढदिवसाला सुंदर काळा ओव्हरसाइज बार मागवला, पोराची स्कूटर आयएचसी, बार फोर्कवर नुसता लटलट हलत होता आणि पोराचा चेहरा बघवत नव्हता. बॉक्सवर काय लिहिलंय ते वाचा, नाही सापडलं तर कॅलिपरनं मोजा, कुठल्याही लेथवाल्याकडं कॅलिपर असतो.

आता खटखट कशी बघायची आणि काढायची ते सांगतो, कारण नवी कम्प्लीट घरी आली की पहिल्या आठवड्यात हे करावंच लागतं. भाच्याला मी हे ओट्यावर पेपर अंथरून शिकवलं. पुढच्या चाकाला समोरून बुटाचं टोक टेकवायचं म्हणजे चाक पुढं जाणार नाही. एका हातानं बार धरून मागंपुढं हलवायचा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं मानेच्या वरच्या कडेवर, जिथं क्लॅम्प आणि डेकची नळी भेटते त्या फटीवर ठेवायची. ढिलं असेल तर बोटांना बारीकसं टक् लागतं, कानाला ऐकू यायच्या आधी बोटांना कळतं. त्याला ते पहिल्यांदा जाणवलं तेव्हा त्यानं बोट झटकन मागं घेतलं, जसं काही आत कोणी बसलंय. मग क्लॅम्पचे बोल्ट ढिले करायचे, कम्प्रेशनचा बोल्ट एलन कीनं थोडा थोडा आवळायचा, पाव फेरा, पुन्हा बोटं ठेवून बघायचं, टक् गेलं की थांबायचं. स्कूटर उचलून डेक एका बोटानं ढकलला तर तो न अडता फिरला पाहिजे. शेवटी बार चाकाच्या सरळ रेषेत आणून क्लॅम्पचे बोल्ट आळीपाळीनं, थोडा हा थोडा तो, असे आवळायचे. एकच बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडं गेलात तर क्लॅम्प तिरका बसतो आणि दोन दिवसांत पुन्हा तेच.

चाकांकडं येऊ, कारण इथं नागपूरचा प्रश्न वेगळा आहे. जी माहिती ऑनलाइन मिळते ती गुळगुळीत स्केटपार्कवाल्यांनी लिहिलेली असते. आपल्याकडं पोरं चालवतात सिमेंट रोडवर नाहीतर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. सिमेंट रोड गुळगुळीत दिसतो पण दर काही फुटांवर सांधा, स्कूटर चालली की टक्‌टक्‌, टक्‌टक्‌, आणि कडेला कुठंतरी चालू असलेल्या बांधकामाची गिट्टी सांडलेली. छोट्या चाकाखाली एक चण्याएवढा खडा आला तरी चाक जागच्या जागी थांबतं आणि पोरगा बारवरून पुढं. म्हणून इथं चाकाच्या मापाला महत्त्व आहे. शिकाऊ स्कूटरला १०० मिमीचं चाक येतं, मधल्या आणि वरच्यांना ११० मिमी, १२० मिमीही असतं. मोठं चाक सांध्यात कमी उतरतं आणि खड्यावरून सहज चढतं. लहान पोराला, म्हणजे ७-८ वर्षांच्या, १०० मिमी ठीक आहे कारण स्कूटर बुटकी आणि हलकी राहते, पण ९-१० च्या पुढं आणि रस्त्यावर चालवणार असेल तर मी ११० मिमीच घ्यायला सांगतो.

चाकाच्या मापापेक्षाही चाकाचा गाभा बघा. बाहेरचं रबरासारखं दिसतं ते पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, असतं आणि आतला गाभा एकतर प्लास्टिकचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा. प्लास्टिकचा गाभा सरळ चालवायला चांगलाच आहे, पण पोरगा हवेतून वाकडा उतरायला लागला, आणि शिकताना सगळे वाकडेच उतरतात, की गाभा आडव्या जोरानं वाकतो, तडकतो, कधी पीयू गाभ्यावरून सुटून येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या गाभ्याला हा त्रास खूप कमी. दोन स्कूटर सारख्या भावात असतील, एकीला प्लास्टिकचा गाभा आणि भारी रंग, दुसरीला अ‍ॅल्युमिनियमचा गाभा आणि साधा काळा रंग, तर विचार न करता काळी घ्या. पीयूचा कडकपणा ८५ए, ८८ए असा लिहिलेला असतो, आकडा मोठा तितकं कडक आणि वेगवान, आकडा लहान तितकं मऊ आणि हाताला कमी धक्के. आपल्या सांध्यांच्या रस्त्याला ८५-८६ च्या आसपासचं बरं.

बेअरिंगबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. बॉक्सवर मोठ्या अक्षरात अ‍ॅबेक ९ असं लिहितात आणि आईबापांना वाटतं ९ म्हणजे ७ पेक्षा चांगली. अ‍ॅबेक ही अमेरिकन मोजणी आहे, १, ३, ५, ७, ९ अशी, आणि ती फक्त बेअरिंग किती अचूक मापात घडवलीय ते सांगते. ती किती दणके सोसेल, तिच्यात धूळ शिरेल का, हे त्या आकड्यात येतच नाही. मे महिन्यात आपल्याकडं जी बारीक धूळ उडते ती उघड्या बेअरिंगमध्ये गेली की ५ काय आणि ९ काय, दोन्ही करकरतात. बघायचं ते हे की बेअरिंगला दोन्ही बाजूंनी रबरी झाकण आहे का. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे या स्कूटरींना बहुतेक करून ६०८ नंबरची बेअरिंग लागते, आत ८ मिमी, बाहेर २२, जाडी ७, हीच स्केटला असते, बारक्या मोटारींतही असते. गावातल्या बेअरिंगच्या दुकानात जाऊन "सहाशे आठ द्या जी, दोन्ही बाजूनं रबर सीलवाली" म्हटलं की काम झालं, परदेशातून मागवायची गरज नाही. प्रत्येक चाकात दोन, म्हणजे एकूण चार, आणि दोघींच्या मधे एक छोटा स्पेसर असतो तो हरवू देऊ नका, त्याच्याशिवाय एक्सल आवळला की चाक जाम होतं.

आता वजन. सगळे विचारतात किती किलोची आहे, आणि कम्प्लीट साधारण साडेतीन किलोच्या आगेमागे असतात. पण एकूण वजनापेक्षा वजन कुठं आहे ते महत्त्वाचं. टेलव्हिप म्हणजे बार हातात धरून डेक पायांखालून गोल फिरवायचा आणि पुन्हा त्यावर उतरायचं, ही प्रत्येक पोराच्या स्वप्नातली ट्रिक. खराटा घ्या, काड्यांच्या बाजूनं धरून फिरवा, मग मुठीच्या बाजूनं धरून फिरवा. खराटा तोच, वजन तेच, पण काड्या लांब गेल्या की हाताला कितीतरी जड लागतो. फिरणाऱ्या वस्तूत जे वजन मध्यापासून दुप्पट लांब असतं ते फिरवायला चौपट जोर मागतं. स्कूटरचा मध्य म्हणजे मान, आणि सगळ्यात लांब म्हणजे डेकचं शेपूट, मागचं चाक, ब्रेक. म्हणून बार २०० ग्रॅमनं जड असला तरी टेलव्हिपला काही फरक पडत नाही, पण मागचं चाक जड किंवा डेक दोन इंच लांब असला तर पोराला लगेच कळतं. स्टीलचा बार आणि हलका डेक ही शिकाऊसाठी उत्तम जोडी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या बारचं आकर्षण सोडा, चांगला क्रोमोलीचा, म्हणजे मजबूत मिश्र स्टीलचा बार, ४१३० लिहिलेलं असतं, तो पुष्कळ मार खातो.

डेकच्या मापाचं एवढं लक्षात ठेवा की रुंदी साडेचार इंचापासून सहा इंचापर्यंत असते आणि लांबी १९ ते २२ इंच. लहान पोराला साडेचार बाय साडेएकोणीसच्या आसपास. त्याच्या वर, १२-१३ वर्षांच्या, उंच पोराला पाच इंच रुंद बरा पडतो, पाय नीट बसतात, उतरताना भरवसा वाटतो. सहा इंचवाले चौकोनी शेपटीचे डेक स्ट्रीटवाल्यांसाठी, जे रेलिंगवर घासत जातात, ते शिकाऊला देऊ नका, फिरवताना मनगटं दुखतात.

उंचीची चूक मात्र सगळ्यात जास्त होते, कारण आपल्याकडं कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची सवय आहे. डेकवर सरळ उभं राहिल्यावर बारची मूठ कमरेच्या हाडाजवळ आली पाहिजे. छातीपर्यंत आली तर पोरगा उडी मारताना बार वर ओढूच शकत नाही, बनी हॉप, म्हणजे जागेवरून स्कूटरसकट उडी, शिकायला दोन महिने लागतात आणि दोष पोराला लागतो. फार बुटका झाला तर पाठीत वाक येतो. इथं एक व्यवहाराची गोष्ट, बार कापून कमी करता येतो, वाढवता येत नाही. तेव्हा दोन मापांत अडलात तर थोडा उंच घ्या आणि लेथवाल्याकडून खालून कापून घ्या, पण चीर असलेला बार असेल तर तेवढीच चीर पुन्हा पाडायला सांगायला विसरू नका. आणि कापायच्या आधी पोराला आठवडाभर चालवू द्या, मग ठरवा.

मग नावं घेऊन सांग म्हणाल तर सांगतो. मॉडेलची नावं तीच राहतात आणि आतले भाग काही वर्षांनी बदलतात, म्हणून नावापेक्षा पायऱ्या लक्षात ठेवा. हातात धरून बघायची संधी आपल्याकडं सगळ्यात जास्त डेकॅथलॉनच्या फ्रीस्टाइल स्कूटरींची. एन्व्ही ही ऑस्ट्रेलियाची, युरोपात हिलाच ब्लंट म्हणतात, तिची वन खालच्या पायरीवर, प्रॉडिजी शिकाऊ आणि मधल्याच्या मधोमध, केओएस वर. प्रॉडिजीच्या पुढं बऱ्याचदा एस आणि आकडा असतो, तो आवृत्तीचा, जुना आकडा स्वस्तात मिळाला तर त्यात काही वाईट नाही. अमेरिकेच्या लकीची क्रू खाली, प्रॉस्पेक्ट मधे, कव्हनंट वर. फ्युजनची एक्स-३ लहान पोरांसाठी, एक्स-५ तिच्या वर, आणि झेड सिरीज मधल्यांसाठी. ऑस्ट्रेलियाचीच मॅड गिअरही जुनी कंपनी आहे. फ्रान्सची एथिक फार देखणी आणि हलकी, पण महाग, आणि तिच्या बऱ्याच चाकांना १२ मिमीचा एक्सल लागतो, ८ मिमीचा नाही, म्हणजे आपली ६०८ तिथं चालणार नाही, एवढ्यासाठी मी ती पहिली किंवा दुसरी स्कूटर म्हणून सांगत नाही.

भाच्याला शेवटी आम्ही यातलीच एक मधल्या पायरीच्या जरा खालची घेतली, आयएचसी, ११० मिमी, अ‍ॅल्युमिनियमचा गाभा. त्याला नियोक्रोम पाहिजे होती, ती तेलाच्या डागासारखी सातरंगी. तान्ह्या पोळ्याला पोरं आपला लाकडी नंदी सजवतात, गोंडे लावतात, बेगड लावतात, आणि बोजारा, म्हणजे दारोदारची बक्षिसी, मागायला निघाले की ज्याच्या नंदीची चाकं करकरतात तो अर्ध्या रस्त्यात नंदी उचलून घेतो. मी त्याला तेच सांगितलं, तुझा नंदी आठव. पोट्टा समजदार आहे, साधी निळी घेतली आणि वर स्वतःच स्टिकर लावले.

शिकाऊतून मधल्या पायरीवर कधी जायचं हा प्रश्न आईबाप भाव बघून ठरवतात, ते चुकीचं आहे. पोराला बनी हॉप येतो, १८० म्हणजे हवेत अर्धी गिरकी करून उलटं चालवता येतं, छोट्या उतारावरून टेलव्हिपचे प्रयत्न चालू झालेत आणि स्कूटर दर आठवड्याला ढिली होते, ही खूण. तेव्हासुद्धा पूर्ण नवी घ्यायच्या आधी बघा की नुसती चाकं आणि फोर्क बदलून काम होतं का. पहिली स्कूटर प्रमाण मापांची घेतली असेल, हेडसेट इंटिग्रेटेड असेल, म्हणजे बेअरिंग थेट मानेच्या आत बसणारी, तर हे बदल सहज होतात. डेक शेवटी बदलायचा. मधल्या पायरीची खरी ओळख म्हणजे तिच्यात आट्यांशिवायचा एकसंध फोर्क, क्रोमोलीचा बार, दोन ऐवजी तीन किंवा चार बोल्टांचा क्लॅम्प आणि अ‍ॅल्युमिनियमच्या गाभ्याची चाकं, हे सगळं एकत्र मिळतं. "प्रो" हा शब्द तर सगळ्याच बॉक्सवर असतो.

ब्रेक पट्टीचा असावा, स्प्रिंगचा नको, स्प्रिंग वाजते. पेग म्हणजे चाकाच्या बाजूचे खुंटे, ते आत्ता नको.

हेल्मेट मात्र स्कूटरच्या आधी घ्या, सायकल-स्केटिंगचं, आत ईएन १०७८ (युरोपचं सुरक्षा प्रमाण) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) लिहिलेलं, आणि पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच ढिला. टेलव्हिप शिकताना डेक फिरून घोट्यावर बसतो आणि तो घाव इतका कळवळायला लावतो की काही पोरं तिथंच सोडून देतात, साधी फुटबॉलची अँकल गार्ड घालून दिली तर ती पोरं टिकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एप्रिल-मेमध्ये दुपारी स्कूटर गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. ४५ डिग्रीत बार तव्यासारखा तापतो आणि मुठी चिकट होऊन सरकायला लागतात, सरकलेली मूठ हातात घेऊन पडलेलं पोर मला दुसऱ्यांदा बघायचं नाही. मुठीच्या टोकाला बारचं बूच घट्ट आहे का तेही बघत जा, उघड्या नळीच्या कडेनं खोल जखम होते. पावसाळ्यात भिजली तर पुसून चाकं काढून वाळवा, नाहीतर बेअरिंग आठवडाभरात गंजतात.

आणि कोणी वापरलेली विकत असेल तर नक्की बघायला जा, चांगल्या कंपनीची वापरलेली स्कूटर नव्या खेळण्यापेक्षा कितीतरी बरी. पण जाताना मोबाईलचा टॉर्च घेऊन जा. स्कूटर उलटी करा आणि मान डेकला जिथं वेल्डिंगनं जोडलीय तिथं खालच्या बाजूनं टॉर्च मारा, बोट फिरवा. रंगात केसाएवढी रेष दिसली तर नखानं खरवडून बघा, नख अडलं तर तो तडा आहे. बार उतरवून चिरेच्या वरच्या टोकालाही तसंच बघा, बार तिथूनच फाटतो. चाकं, बेअरिंग, मुठी, ग्रिप टेप सगळं बदलता येतं, त्यासाठी भाव पाडून घ्या. मानेला तडा असेल तर फुकट दिली तरी आणू नका, आणि वेल्डिंगवाल्याकडून भरून घेऊ असंही म्हणू नका, ते अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात भट्टीत पक्कं केलेलं असतं, पुन्हा वेल्डिंग केलं की शेजारचा भाग मऊ पडतो आणि पुढच्या वेळी तिथून तुटतं.